पाच वाव दोरी

१

बुधवारी सकाळी, लिलाव ऐन रंगात असताना, राखणदारानं माझ्या धाकट्या भावाला दंडाला धरून धक्क्यावर आणलं आणि सगळ्यांच्या देखत त्याचं ओलं जाळं माझ्या पारड्यात आपटलं.

“राखीवात सापडला,” तो म्हणाला. “करा वजन, ताई. तुमच्याच घरचं आहे.”

मी धक्क्यावर काटा सांभाळते. वीस वर्षं काट्यावर बसलं की माणसांवरचा विश्वास उडतो. ज्याचा त्याचा अंगठा कुठं ना कुठं पारड्यावर दाबलेला दिसतो. पण धाकट्याचा अंगठा मी तो पाळण्यात होता तेव्हापासून ओळखते. तो चिडका आहे, आळशी आहे, उधळ्या तर आहेच. चोर नाही.

राखीव म्हणजे किनाऱ्यालगतचा पाण्याचा एक चौकोन. माशांची पिल्लं तिथं वाढतात, म्हणून सोसायटीनं तीन वर्षांपूर्वी ठराव करून तिथली मासेमारी बंद केली. चार कोपऱ्यांना पिंपाएवढे चार पिवळे बोये तरंगत ठेवले. आत जाळं टाकणाऱ्याची बोट वर्षभर किनाऱ्यावर ओढून ठेवायची, असा नियम. आमची बोट एकच, आणि आमच्या घरातली चूल त्या एका बोटीवर पेटते.

“मी बोयाच्या बाहेर होतो!” धाकटा ओरडला. “डोळे फुटलेत का माझे?”

राखणदारानं मोबाईल पुढं केला. तो बोयांकडं बघतच नाही, मोबाईलमधल्या नकाशावर चालतो. “नकाशात तू दोनशे पावलं आत आहेस.”

मग सोसायटीचे अध्यक्ष चार माणसं घेऊन बघायला गेले. तासाभरानं ते परतले. कोपऱ्यातला एक बोया खरोखरच जागेवरून हलला होता. दोनशे पावलं किनाऱ्याकडं सरकला होता. त्याच्याखाली सरकारी साखळीऐवजी साधी दोरी होती आणि दोरीच्या टोकाला दगड भरलेलं पोतं.

माझ्या जिवात जीव आला. “बघा! म्हणजे हा खरंच बोलत होता.”

अध्यक्षांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी काट्याखाली वीट लपवलीय.

“खरं बोलतोय, की आधी बोया सरकवून खरं बोलायची सोय करून ठेवलीय, ते कोण सांगणार? शनिवारी दहा वाजता खात्याचे साहेब येतायत. तोवर दुसरा कुणी सापडला नाही, तर यानंच सरकवला असं धरू.”

गर्दीतून एकही माणूस “नाही” म्हणाला नाही. ज्यांच्या मासळीचं वजन मी वीस वर्षं चोख करून दिलं, ते सगळे आपापल्या टोपल्यांत बघत उभे राहिले.

२

आमच्या माडीवर तेव्हा सर्वेबाई भाड्यानं राहत होत्या. मत्स्यखात्यासाठी घरोघर जाऊन माहिती भरायची हे त्यांचं काम. घरात माणसं किती, बोट कुणाच्या नावावर, जाळं कोण शिवतं, बंदीच्या काळात काय करता. तीन वर्षांपूर्वीही त्या आठ दिवस येऊन गेल्या होत्या, आणि राखीव आखलं गेलं ते त्यांच्या त्या वेळच्या कागदांवरून. चष्मा कपाळावर, पेन केसात. प्रश्न विचारायची सवय इतकी, की आमच्या मांजराचंही वय त्यांनी विचारून घेतलं होतं.

“मी पोलीस नाही,” त्या म्हणाल्या. “पण प्रश्न विचारायचा मला पगार मिळतो. चला, ती दोरी बघू.”

सोसायटीच्या ऑफिसात दोरी आणि पोतं कोपऱ्यात टाकलेलं होतं. बाईंनी पोतं फरशीवर उपडं केलं आणि दगड मोजले.

“अठरा. सगळे एका हातात मावणारे. एकच मोठा धोंडा का नाही घेतला?”

“चोर आळशी असेल.”

“अठरा वेळा वाकणारा आळशी?” त्यांनी वहीत आकडा लिहिला. मग दोरी उचलली. “आणि या चिंध्या कसल्या?”

मला हसू आलं. आमच्याकडं शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. दोन्ही हात ताणायचे, या बोटापासून त्या बोटापर्यंत दोरी धरायची, त्याला आम्ही एक वाव म्हणतो. दर वावाला चिंधीची गाठ मारायची. दोरी पाण्यात सोडताना गाठी हाताला लागतात, किती दोरी गेली ते न बघता कळतं.

“पण ही दोरी कुणी हातानं सोडणार नव्हतं,” बाई म्हणाल्या. “एकदा बांधली की संपलं. मग हिला खुणा कशाला?”

“सवय,” मी म्हटलं. “हातात दोरी आली की आम्ही गाठी मारतोच. हात थांबत नाहीत.”

बाईंकडं जाळ्याची भोकं मोजायची टेप असते. त्यांनी दोन गाठींमधलं अंतर मोजलं, मग पुढच्या दोन गाठींमधलं, मग त्याच्या पुढचं.

“चार फूट दहा. चार फूट दहा. चार फूट साडेदहा.” त्यांनी चष्मा खाली ओढला. “माणूस साधारण जेवढा उंच, तेवढीच त्याच्या ताणलेल्या हातांची लांबी. ताई, तुमचा भाऊ केवढा उंच आहे?”

“वडिलांवर गेलाय. दारातून वाकून आत येतो.” बोलता बोलताच माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी दाराकडं धावले. बाईंनी माझं मनगट धरलं.

“थांबा. आत्ता सांगाल तर म्हणतील, दुसऱ्याकडून मोजून घेतली. ‘हा नव्हे’ एवढ्यावर कुणी सुटत नाही. ‘मग कोण’ ते सांगावं लागतं.”

संध्याकाळी घरी आलो तर धाकटा उंबऱ्यात डोकं धरून बसला होता. आई अंगणात शिंपल्या निवडत होती. आई आणि तिच्यासोबतच्या सतरा जणी ओहोटीला पायी जाऊन शिंपल्या वेचतात. पूर्वी चिखलाच्या पट्ट्यात वेचायच्या. तो पट्टा राखीवात गेला, तेव्हापासून बाजूच्या खडकांवर जे मिळेल ते. आम्हा दोघांना तिनं त्या चिखलावर वाढवलं, पण आता तिच्या त्या टोपलीकडं आम्ही फारसं लक्ष देत नव्हतो. आमच्या लेखी तो तिचा विरंगुळा होता.

“पहिलीच वेळ आहे,” आई मान वर न करता म्हणाली. “दम देऊन सोडतील.”

“सोडत नाहीत, आई. बोट ओढणार आहेत.”

आईचा हात क्षणभर थांबला. मग पुन्हा चालू झाला.

बाईंनी टोपलीशेजारच्या ढिगातला एक टपोरा शिंपला उचलला, उलटासुलटा करून पाहिला आणि परत ठेवला. “मला पाच वाव दोरी हवी आहे,” त्या एकदम म्हणाल्या. “कपडे वाळत घालायला. शेठकडून पाच, राखणदाराकडून पाच, अध्यक्षांकडून पाच.”

“अहो, अंगणात बांधलीय की तुमच्यासाठी एक!” मला त्यांच्या हावरटपणाचं नवल वाटलं. “आल्या दिवशीच बांधून दिली.”

“ती आहेच,” बाई म्हणाल्या आणि माडीवर निघून गेल्या.

३

शेठच्या तीन मोठ्या बोटी आहेत. राखीव म्हणजे आपल्या पोटावर दिलेला पाय, असं तो प्रत्येक सभेत टेबल बडवून सांगतो. त्याच्यावर संशय घ्यायला मला कुणाच्या परवानगीची गरज नव्हती.

“दोरी? एवढंच?” तो हसला आणि नोकराला हाक मारू लागला.

“तुमच्या हातानं मोजून द्या,” बाई म्हणाल्या. “नोकर हात आखडतात.”

शेठ खूश झाला. बाह्या सारून त्यानं भिंतीएवढे हात ताणले, भराभर पाच वाव मोजले आणि बोलता बोलता पाचही गाठी मारल्या. गाठी मारायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मी मनातल्या मनात टेप धरली. सहा फुटांना जरा कमी.

“राखीव मोडलं तर मला आनंदच आहे,” निरोप घेताना तो आपणहून म्हणाला. “पण बोया किनाऱ्याकडं सरकवून मला काय मिळणार? तिथल्या उथळ पाण्यात माझी बोट शिरली तर बूड घासेल. मी सरकवला असता तर बाहेरचा सरकवला असता, आणि चांगला मैलभर!”

त्याच्या तोंडचं मला काही पटत नाही, पण हे पटलं. मला त्याचाच राग आला.

राखणदाराचं प्रकरण वेगळं. त्याची नेमणूक या महिन्यात संपत होती आणि वर्षभरात त्यानं एक माणूस पकडला नव्हता. न पकडणाऱ्या राखणदाराला सोसायटी पुन्हा कशाला ठेवेल? स्वतःच सापळा लावून माझ्या भावाला त्यात पाडायला त्याला किती वेळ लागला असता?

गुरुवारी दुपारी ओहोटीला त्यानं आम्हाला बोटीतून बोयाच्या मूळ जागी नेलं. बाई चपला काढून गुडघाभर पाण्यात उतरल्या. चिखलात सिमेंटचा सरकारी ठोकळा होता, त्याला मनगटाएवढी साखळी, सगळी कालवांनी मढलेली. साखळीच्या वरच्या टोकाला हातभर जुना दोर होता आणि तो कापलेला होता.

“तुम्हाला बोया हलवायचा असता, तर कसा हलवला असता?” बाईंनी विचारलं.

राखणदार सावध झाला. “मी का हलवू?”

“समजा.”

“बोटीत उभं राहायचं, ठोकळ्यासकट वर ओढायचा, हवा तिथं सोडायचा. दोघं असले तर पाच मिनिटांचं काम. साखळी अशी मागं टाकून कोण जाईल? नुसता वेडेपणा.” मग त्याला बोलायचा उत्साह आला. “आज गुडघाभर पाणी आहे. सोमवारी अमावस्या होती ना, तेव्हा दुपारी इथं कोरडं होतं. नाचावं इतकं.”

बाईंनी लिहिलं. परतीच्या वाटेवर राखणदारानंही पाच वाव दोरी मोजून दिली. उंटासारखे हात. सहा फुटांच्या वर.

“म्हणजे एकच उरला,” धक्क्यावर उतरताना मी बाईंच्या कानात म्हटलं. “आणि तो आहे बुटका.”

४

अध्यक्ष उंच टाचांचे बूट घालतात आणि खुर्चीवर उशी ठेवून बसतात. पुढच्या निवडणुकीत धाकटा त्यांच्याविरुद्ध उभा राहणार, हे अख्ख्या धक्क्याला ठाऊक होतं. बोट वर्षभर किनाऱ्यावर पडली की सभासदत्व गोठतं. उमेदवारी आपोआप गेली. मला आणखी काय पुरावा हवा होता?

बाईंनी दोरी मागितली. अध्यक्षांचा चेहरा उतरला.

“दोऱ्या मोजायला मी काय दुकान मांडलंय?”

“पाचच वाव. कपड्यांसाठी.”

“बाजारात मिळते.”

“हातानं मोजलेली नाही मिळत.”

“नाही म्हटलं ना!” त्यांनी दोन्ही हात काखेत घट्ट दाबून घेतले, थंडी वाजल्यासारखे. बाहेर चांगलं ऊन होतं. “शनिवारी या. साहेबांसमोर काय ते बोला. भावाला वाचवायला दोऱ्या गोळा करत फिरताय?”

म्हणजे त्यांना कळलं होतं! दोरीचं माप कशासाठी, हे ज्यानं गाठी मारल्या त्याच्याशिवाय कुणाला कळणार? ऑफिसच्या पायऱ्या उतरताना माझे पाय जमिनीला लागत नव्हते. “सापडला,” मी म्हणत होते. “सापडला बुटका.”

बाई सरळ धक्क्याच्या टोकाला गेल्या. तिथं अध्यक्षांची बोट बांधलेली होती आणि नांगराची दोरी वेटोळं करून ठेवलेली. त्यांनी वेटोळं सोडलं, टेप लावली.

“ही कुणी मोजलीय?”

“त्यांनीच. नांगराची दोरी प्रत्येक जण स्वतःची स्वतः मोजतो. पाण्यात आपलाच हात चालणार असतो.”

“पाच फूट दोन,” बाई म्हणाल्या. पुढच्या गाठीला टेप लावली. “पाच फूट दोन.” चार गाठी मोजल्या. चारही पाच फूट दोन.

माझं तोंड खर्रकन उतरलं. “मग हात का लपवले?”

“उंची लपवतात ते. बूट बघितले नाहीत का? चार माणसांत हात ताणायची लाज वाटते, एवढंच.” त्यांनी दोरी पुन्हा जशीच्या तशी गुंडाळली. फार सावकाश गुंडाळली. मग म्हणाल्या, “ताई, एक विचारू? भाऊ सुटला पाहिजे, एवढंच हवंय ना तुम्हाला? त्याच्या जागी कोण सापडतं, याची पर्वा नाही?”

“अजिबात नाही,” मी म्हटलं. “कुणी का असेना. त्याला भर चौकात उभं करा.”

तेव्हा माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

५

शुक्रवारी दुपारी मी अंगणातले कपडे काढत होते. डोकं भणभणलेलं. आता दुसरा बुटका माणूस कुठून आणायचा, याचाच विचार चालू होता. चादर ओढली आणि ती कशाला तरी अडली. मी पुन्हा ओढली. चादरीचा धागा दोरीवरच्या एका चिंधीत अडकला होता.

दोरीवरची चिंधी. मी तिच्याकडं बघत राहिले. मग पुढं बघितलं. तिथं दुसरी चिंधी होती. त्याच्या पुढं तिसरी.

दोन महिने मी या दोरीवर रोज कपडे वाळत घालत होते. तिच्यावर गाठी आहेत हे मला दिसतच नव्हतं.

काट्याच्या पेटीत माझीही एक टेप असते. मी ती घेऊन आले. मी एका गाठीला टेपचं टोक धरलं आणि दुसऱ्या गाठीपर्यंत ओढत नेलं. आकडा बघायच्या आधी मी डोळे मिटले. मग उघडले.

चार फूट दहा.

ही दोरी आईनं मोजली होती. बाई राहायला आल्या त्या दिवशी, याच अंगणात, दोन्ही हात ताणून. वडील होते तेव्हा बोटीच्या सगळ्या दोऱ्या तिनंच मोजल्या, तीस वर्षं.

मग बाकीचं सगळं आपोआप समोर येऊन उभं राहिलं, मी नको म्हणत असताना. साखळी मागं टाकून कोण जातं? ज्याच्याकडं ती ओढायला बोट नाही तो. जो सोमवारच्या मोठ्या ओहोटीला पायी चालत गेला तो. एका हातात मावणारे अठरा दगड. आई आणि सतरा जणी, एकीला एक. आणि अंगणातले ते टपोरे शिंपले. खडकावर मिळतात ते नखाएवढे असतात, हे मला माहीत नव्हतं का? बोया किनाऱ्याकडं सरकला की चिखलाचा पट्टा राखीवाच्या बाहेर पडतो.

भर दुपारी, उघड्यावर केलं त्यांनी. चिखलात वाकलेल्या अठरा बायकांकडं बघतं कोण?

मी माडीवर गेले. बाई खिडकीशी बसल्या होत्या. मला बघून त्यांनी पेन खाली ठेवलं.

“कधीपासून माहीत होतं?”

“बुधवारी संध्याकाळपासून. तुमच्या दोरीला टेप लावून बघितली होती.”

“मग त्या तिघांच्या दारात मला कशाला नाचवलंत?”

“दुसरं कुणीतरी निघावं म्हणून.” त्यांनी चष्मा कपाळावर सारला. “अध्यक्षांची दोरी मोजताना मी मनातून प्रार्थना करत होते, ताई. चार इंचांनी वाचला तो.”

त्यांनी बॅगेतून एक जुना कागद काढून माझ्यापुढं ठेवला. तीन वर्षांपूर्वीचा, आमच्याच घराचा. धाकट्याचं नाव, व्यवसाय मासेमारी. माझं नाव, काटा. आईच्या नावापुढं बाईंच्या सुंदर अक्षरात लिहिलं होतं: घरकाम.

“त्या दिवशी काकू ओहोटीला गेल्या होत्या. उत्तरं तुमच्या भावानं दिली. मी लिहून घेतली. अठरा घरांत अशीच लिहिली. चिखलाच्या पट्ट्यात कुणी काही कमवत नाही, असं माझे कागद बोलले, म्हणून तो पट्टा राखीवात गेला. बायकांना कुणी विचारलंसुद्धा नाही.” त्यांनी कागदाची घडी घातली. “उद्या मी तुमच्या भावानं सरकवला नाही हे सिद्ध करीन. त्याच्यापुढचं नाव मी घेणार नाही. तुम्ही घ्यायचं की नाही, ते तुमचं.”

मी खाली आले. आई घरात नव्हती. ओहोटीची वेळ असूनही, टोपली भिंतीला टेकवून ठेवून, ती बाहेर गेली होती. दिवेलागणीला परतली तेव्हा मी दारातच उभी होते.

“कुठं गेली होतीस?”

“बसायला,” आई म्हणाली आणि हात धुवायला गेली.

माझ्या तोंडाशी आलेलं मी गिळलं. एका बाजूला धाकटा, एका बाजूला ती. वीस वर्षं काट्यावर बसलेय, पण असं वजन कधी करावं लागलं नव्हतं. मी काहीच केलं नाही. नुसती रडले.

६

शनिवारी सोसायटीचा हॉल गच्च भरला होता. खात्याचे साहेब टेबलामागं, शेजारी उशीवर अध्यक्ष. धाकटा एका बाजूला, फाशी जाहीर झाल्यासारखा. बायका नेहमीप्रमाणं मागच्या भिंतीला.

बाईंनी दोरी टेबलावर आडवी टाकली. धाकट्याला हात ताणायला लावले आणि टेप लावली. पाच फूट नऊ. मग दोरीवरच्या गाठी मोजल्या. साहेब स्वतः उठून बघायला आले.

“ही दोरी यानं मोजलेली नाही,” बाई म्हणाल्या. “दुसरी गोष्ट. बोया हलवणाऱ्याकडं बोट नव्हती. बोट असती तर ठोकळा आणि साखळी मागं राहिली नसती. तो सोमवारी दुपारी पायी गेला. या माणसाकडं बोट आहे, आणि सोमवारी दुपारी ती धक्क्याला बांधलेली होती, आणि हा तिच्याशेजारी झोपला होता. लिलावानंतर इथं सगळेच पुरुष झोपतात.”

हॉलमध्ये थोडं हसू पसरलं. राखणदार मात्र पुढं सरसावला.

“मग सरकवला कुणी? ते सांगा ना!”

बाईंनी टेप गुंडाळून ठेवली. हसणं बंद झालं. माणसं एकमेकांचे हात बघू लागली. जो तो शेजाऱ्याची उंची मापत होता. कुणाची तरी नजर अध्यक्षांवर गेली आणि तिथंच थांबली. मग दुसऱ्याची, मग दहा जणांची. अध्यक्षांनी पुन्हा हात काखेत घातले आणि त्यानं तर आगीत तेलच पडलं.

त्यांना मी जन्मात कधी भला माणूस मानलं नव्हतं. पण न केलेल्या गोष्टीसाठी धरलेला माणूस कसा दिसतो, ते मी बुधवारीच धाकट्याच्या तोंडावर पाहिलं होतं. मी उठायला लागले. उठून काय बोलणार होते, देव जाणे.

“बसा सगळे,” मागून आवाज आला. “मी सरकवला.”

आई भिंतीपासून पुढं आली. टेबलापाशी उभी राहिली तेव्हा तिचं डोकं बसलेल्या साहेबांच्या जेमतेम वर होतं. तिनं टेबलावरची दोरी उचलली, दोन्ही हात ताणले आणि सगळ्यांना दाखवली. तिची दोन्ही बोटं बरोबर दोन चिंध्यांवर आली.

धाकट्याचा चेहरा मला बघवेना. “आई, तू?” एवढंच तो म्हणाला.

“तू त्या बाजूला जाळं टाकशील हे ध्यानात नाही आलं रे. तू तर पलीकडं जातोस. मला वाटलं, दम देऊन सोडतील.” मग ती साहेबांकडं वळली. “काल सगळ्यांच्या घरी जाऊन विचारून आले. एकटीचं काम नव्हतं, म्हणून एकटीनं सांगायचं नव्हतं. दगड आम्ही अठरा जणींनी वाहिले. त्या पट्ट्यात आम्ही मुलं वाढवली. तीन वर्षांपूर्वी सकाळी गेलो तर पिवळं पिंप. का, कशाला, कुणी सांगितलं नाही. पिल्लं वाढायला हवीत हे आम्हाला कळतं. वर्षातले चार महिने आम्ही आपणहून तिथं जात नव्हतो, तुमचा ठराव व्हायच्या आधीपासून.”

मागं सतरा जणी उभ्या राहिल्या होत्या. काहींचे नवरे त्यांच्याकडं तोंड उघडं टाकून बघत होते.

साहेबांनी घसा साफ केला. “खूण हलवणं हा गुन्हा आहे, आजी. शिक्षा द्यावी लागेल. अध्यक्ष, नियम वाचा.”

अध्यक्षांनी नियमांची वही उघडली. मघापासून सुटकेनं त्यांना हुंदका यायचा बाकी होता, त्यामुळं आवाज जरा चिरका निघाला. “जो सभासद खूण हलवील, त्याची बोट एक वर्ष किनाऱ्यावर...” ते थांबले. “बोट नाही यांना.”

“पुढचा वाचा.”

“सभासदत्व रद्द.” अध्यक्षांनी पान उलटलं, पुन्हा मागं आणलं. “या सभासद नाहीत. बोट असल्याशिवाय सभासद होता येत नाही.”

“मग बाकीच्यांसाठी काय शिक्षा आहे?”

“बाकीचे असे कुणी...” अध्यक्ष साहेबांच्या कानाशी वाकले, पण हॉल इतका शांत होता की शेवटच्या रांगेला ऐकू गेलं. “साहेब, यांना शिक्षा द्यायची तर आधी यादीत घ्यावं लागेल.”

आईनं दोरी टेबलावर ठेवली. बाईंच्या केसातलं पेन काढून तिनं अध्यक्षांसमोर धरलं.

“मग घ्या की,” ती म्हणाली. “अठरा नावं आहेत. माझं आधी लिहा. आणि द्या काय द्यायची ती शिक्षा.”